यंदा जमली नाही

काकांच्या कामाच्या टेबलावर, काचेच्या नळ्या आणि थर्मामीटरच्या शेजारी, एक पितळी पिकदाणी असायची. ग्वाल्हेरच्या त्यांच्या घरून आलेली, कडेला वेलबुट्टी काढलेली. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मला वाटलं, हे पान खात असतील. भोपाळमध्ये तसं वाटणं साहजिक आहे. इथे थुंकणाऱ्या माणसाकडे कोणी वळूनही पाहत नाही. पण काका पान खात नव्हते. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नव्हते. ते वाइन थुंकायचे, आणि तीही स्वतः केलेली.

भोपाळच्या बाग सेवनिया वस्तीच्या पुढे, होशंगाबाद रोडवरून थोडं आत गेलं की त्यांची जागा होती. पुढे दोन खोल्यांचं घर, मागे पत्र्याची लांबट शेड, शेडमध्ये स्टीलच्या टाक्या. तिथे ते जांभळाची वाइन करायचे, रीतसर सरकारी परवाना घेऊन. परवान्याची फ्रेम दारातच टांगलेली होती, कारण आजूबाजूला कॉलन्या झाल्यावर लोक विचारायला यायचे. मी फूड टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला प्रोजेक्टसाठी जागा हवी होती. मोठ्या कंपन्यांना मेल केले, कोणाचं उत्तर आलं नाही. काकांनी मेलला उत्तर दिलं नाही, फोन केला. म्हणाले, "बेटा, अत्तर वगैरे लावत असशील तर लावू नकोस. आणि ये."

हे मी लिहितेय खरं, पण मला माणसांबद्दल लिहायची सवय नाही. प्रोजेक्टचा रिपोर्ट लिहिता येतो: उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे लिहिलेलं बरोबर आहे का हे विचारायलाही घरी कोणी नाही. काकांबद्दलचा निष्कर्ष मला अजून काढता आलेला नाही. म्हणून जसं आठवतंय तसंच लिहिते.

त्यांच्या शेडमध्ये वासाला बंदी होती. पावडर नाही, तेल लावलेले केस नाहीत, अगरबत्ती तर नाहीच. कोपऱ्यात गणपती होता, काकू त्याची रोज पूजा करायच्या, पण फक्त जास्वंद वाहून, कारण जास्वंदीला वास नसतो. "आमच्या देवाला बारा महिने सर्दी," असं काकू म्हणायच्या. ज्या दिवशी काका वाइन चाखणार, त्या दिवशी घरात फोडणी होत नसे. हिंग-मोहरीचा वास शेडपर्यंत जातो म्हणून. मग वरण-भात, तोही बिनफोडणीचा. काकू ताट वाढताना मला म्हणायच्या, "खा गं बाई, आजाऱ्याचं जेवण. नवरा दारू करतो आणि बायको पथ्यावर."

"दारू नाही," काका आतून म्हणायचे.

"हो, हो. वाइन."

टाकीत जांभळं आंबायला लागली की काका टाकीला कान लावून उभे राहायचे. खरंच कान लावून. सुरुवातीला मला हसू यायचं. मग त्यांनी मलाही कान लावायला सांगितला. आत खूप लांबून पाऊस पडतोय असा आवाज येत होता. "आज बरं बोलतेय," ते म्हणाले. उन्हाळ्यात ते टाक्यांना काकूंच्या जुन्या सुती साड्या ओल्या करून गुंडाळायचे, गारव्यासाठी. टाकीला नंबर होते, पण काका नंबर घेत नसत. "त्या जांभळ्या साडीवालीचं तापमान बघ," असं सांगायचे. माझ्या रिपोर्टमध्ये मी ते नंबर घालून लिहिलं. वाचताना काका नाखूश दिसले.

थुंकण्याचं कारण मला काकूंनी सांगितलं. काकू नागपूरच्या. त्यांचा धाकटा भाऊ दारूने गेला, फार वाईट तऱ्हेने. काका औषधांच्या कारखान्यात सिरप विभागात होते, तिथून निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोक्यात वाइनचं वेड शिरलं. परवान्याच्या कागदावर सही करायच्या आधी काकूंनी त्यांना गणपतीसमोर उभं केलं आणि सांगितलं, "करायची तर करा. विका, पाजा, काय वाटेल ते करा. पण तुमच्या घशाखाली एक थेंब उतरता कामा नये. माझी शपथ आहे." काकांनी शपथ घेतली आणि पाळली. चाखायचे, तोंडात घोळवायचे, डोळे मिटून गालात इकडून तिकडे फिरवायचे आणि पिकदाणीत टाकायचे. मग चूळ भरायचे, आणि म्हणायचे, "यंदा जमली नाही."

दर वर्षी म्हणायचे. मी तिथे असताना तीन वेगवेगळ्या टाक्यांबद्दल म्हणाले. कोणी तारीफ केली तर हमखास म्हणायचे, "नाही हो, जरा कमीच पडली. तुरटपणा बसलेला नाही. गोड मानून घ्या." ती वाइन अजिबात गोड नव्हती, पण ते असू दे.

हे बोलणं मला नवीन नव्हतं. आमच्याकडेही असंच बोलतात. पहिल्या दिवशी काकूंनी माझ्यासमोर पोहे ठेवले आणि म्हणाल्या, "आज जरा कोरडेच झालेत." पोहे उत्तम होते. वर ओलं खोबरं, शेव, आणि भोपाळी पद्धतीने थोडी बडीशेप. मला आईने शिकवलं होतं की अशा वेळी काय म्हणायचं. मी म्हटलं, "नाही हो काकू, छान झालेत." काकू म्हणाल्या, "कसले छान." मी पुन्हा म्हटलं, "खरंच छान." मग काकू हसल्या आणि आणखी वाढले. वाढणाऱ्याने नावं ठेवायची, खाणाऱ्याने ती खोडून काढायची. वस्तू चांगली आहे हे शेवटी पाहुण्याच्या तोंडून निघालं पाहिजे, घरच्याच्या नाही.

अडचण अशी की काका धंद्यातही तसंच बोलायचे.

शाहपुऱ्यातला एक दुकानदार माल बघायला आला होता. चाखून खूश झाला. म्हणाला, "वाह भाई साहब, बढ़िया है."

काका म्हणाले, "नहीं जी, इस साल ठीक नहीं बनी."

दुकानदाराने ग्लास खाली ठेवला. "आप ही कह रहे हैं ठीक नहीं है, तो मैं ग्राहक से क्या कहूँ?"

तेव्हा काकू दारातून पुढे आल्या. हातात पिठाचं भांडं होतं. "भैया, इनकी आदत है. अपने ब्याह की फोटो देखकर भी यही बोले थे, ठीक नहीं आई. आप रख लीजिए." दुकानदार हसला आणि माल घेऊन गेला. विक्रीचं काम काकाच करतात असं मला वाटत होतं, पण ते काकूच करत होत्या हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. काका नावं ठेवायचे आणि काकू ती पुसायच्या. भोपाळमधल्या जुन्या दुकानदारांना हे माहीत झालं होतं.

एकदा मी काकांना विचारलं, "काका, तुम्ही नेहमी असं का म्हणता? मापं तर सगळी बरोबर आली आहेत."

ते साखर मोजायचा हायड्रोमीटर पुसत होते. म्हणाले, "मापं बरोबर आहेत, बेटा. पण जी वस्तू मी गिळलेली नाही, तिला चांगली कसं म्हणू? वाइन जिभेवर अर्धीच कळते. उरलेली घशात कळते, आणि थोडी छातीत. ते लोकांनी सांगायचं. मला अर्धंच माहीत आहे."

मला तेव्हा ते विनयाने बोलतायत असं वाटलं. काका खरं तेच बोलत होते.

माझ्या घरी हे काम सांगणं सोपं नव्हतं. आम्ही भोपाळमध्येच, सोनागिरी वस्तीत राहतो. बाबा तिथल्या मोठ्या कारखान्यात कामगार आहेत. मी आधी "फळांचं प्रोसेसिंग" असं सांगितलं होतं. मग एकदा ओढणीवर जांभळा डाग पडला आणि वास आला. बाबा म्हणाले, "दारूची भट्टी लावायला शिकवतात का कॉलेजात?" मी सगळं समजावून सांगितलं, यीस्ट, साखर, परवाना. बाबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मालक पितो का?" मी म्हटलं, "नाही, थुंकतो." त्यावर ते म्हणाले, "ठीक आहे. अजब माणूस दिसतो. जा."

काकांचा मुलगा पुण्याला असतो. त्याचं म्हणणं होतं की आता पुरे. जागेच्या तिन्ही बाजूंनी घरं आली होती, बिल्डर सारखे विचारत होते, आणि काकांचे गुडघे टाक्यांच्या शिडीवर चढताना दुखायचे. मुलगा वाईट नव्हता. रोज फोन करायचा, काळजी करायचा. शेवटी बाप-लेकाचं असं ठरलं की दिल्लीला वाइनचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरतं, तिथे काकांनी एकदा स्टॉल लावावा. परदेशातले खरेदीदार तिथे येतात. एखादा मोठा, कायमचा खरेदीदार मिळाला तर शेड चालू राहील. नाही मिळाला तर जागा विकायची आणि दोघांनी पुण्याला जायचं. काकांनी हे मला चहा पिताना सांगितलं. मग म्हणाले, "मिळाला तर तुला इथेच ठेवीन. प्रयोगशाळेचं सगळं तू बघायचं. मला आता त्या बारीक रेघा दिसत नाहीत."

मी घरी जाऊन आईला सांगितलं. तिने देवापुढे साखर ठेवली. मी म्हटलं, अजून काहीच झालेलं नाही. ती म्हणाली, "ठेवली तर ठेवली."

दिल्लीला आम्ही तिघं गेलो. बाटल्या परवान्याने आधीच पाठवल्या होत्या. काकू बरोबर होत्या म्हणूनच बाबांनी मला सोडलं. काकूंनी एका डब्यात चकल्या घेतल्या होत्या. काकांनी ट्रेनमध्येच सांगितलं की तो डबा स्टॉलवर दिसता कामा नये, लाल तिखटाने जीभ मरते. काकू म्हणाल्या, "लोकं एवढ्या लांबून येणार आणि नुसत्या पाण्यावर पाठवायची?"

"पाणी नाही," काका म्हणाले.

"हो, हो."

प्रदर्शनाचा हॉल इतका मोठा होता की आम्ही कुठल्या दारातून आलो तेच मला कळेना. इकडे फ्रान्स, तिकडे इटली, लाकडी पिंपं, कोट घातलेली मुलं-मुली, आणि गार हवा. आमचा स्टॉल एकदम शेवटी, आग लागली तर बाहेर पडायच्या दाराजवळ. काकूंनी टेबलावर स्वतः भरतकाम केलेला पांढरा टेबलक्लॉथ घातला. मी घाबरले होते. माझं इंग्रजी कॉलेजचं, म्हणजे वाचता येतं, बोलताना वाक्य आधी डोक्यात लावावं लागतं. काकांचं इंग्रजी मात्र जुन्या शाळेचं, स्वच्छ आणि सावकाश. ते म्हणाले, "तू ग्लास भर. बोलायचं मी बघतो."

आणि मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

सगळे थुंकत होते. प्रत्येक स्टॉलवर स्टीलची बादली होती. मोठमोठे लोक, सूट घातलेले, मोत्यांच्या माळा घातलेल्या बायका, सगळेच वाइन तोंडात घ्यायचे, गालात फिरवायचे आणि बादलीत टाकायचे. कारण दिवसभर शंभर वाइन चाखायच्या तर गिळून कसं चालेल. काका स्टॉल सोडून थोडे पुढे गेले आणि नुसते बघत उभे राहिले. परत आले ते हसत. काकूंना म्हणाले, "अगं, बघ. इथे सगळे तुझीच शपथ घेतलेले आहेत."

काकूंनी पदर नाकाला लावला. "शिकलेली माणसं ही?"

त्या दिवशी काकांइतका आनंदी माणूस मी पाहिला नाही. भोपाळमध्ये वाइन थुंकायच्या त्यांच्या पिकदाणीला लोक हसायचे. इथे कोणी हसत नव्हतं. ते शेजारच्या स्टॉल्सवर गेले, चाखलं, थुंकलं, आणि लोकांशी तासन्‌तास बोलले. त्यांना लाकडी पिंपाचा वास ओळखता आला. एका इटलीच्या म्हाताऱ्याबरोबर ते टाकीला कान लावण्याबद्दल बोलत होते, आणि तो म्हाताराही म्हणे पिंपाला कान लावतो. दोघं एकमेकांचे हात धरून उभे होते. विक्रीचा विषय निघाला नाही. मी आणि काकू स्टॉलवर बसून होतो. येणारे थोडेच होते. जांभूळ म्हणजे काय हे कोणाला माहीत नव्हतं. मी ताटलीत सुकवलेली जांभळं ठेवली होती, ती मनुका समजून लोक खायचे आणि तोंड वाकडं करायचे.

दुपारी एक बाई आल्या. परदेशी, केस पांढरे, आखूड कापलेले, गळ्यात चष्म्याची दोरी. आमच्या देशातल्या वेगळ्या फळांच्या वाइन त्या स्वतःच्या देशातल्या दुकानांसाठी शोधत होत्या. त्यांनी ग्लास उजेडात धरला, वास घेतला, चाखलं, थुंकलं, काहीतरी लिहून घेतलं आणि गेल्या. काका म्हणाले, "हिला समजतं." एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. त्यांनी तीच बाटली पुन्हा मागितली. मी ओतली. परत येणारी ही पहिलीच व्यक्ती होती. तेवढ्यात काकूंनी टेबलाखालून डबा काढला आणि त्यांच्यापुढे धरला. काकांनी कपाळाला हात लावला. बाईंनी एक चकली घेतली, खाल्ली, हसल्या, दुसरी घेतली. मग ग्लास उचलला. घोट घेतला. तोंडात घोळवला. आम्ही तिघंही बघत होतो.

त्यांनी गिळला.

बादली शेजारीच होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मग दुसरा घोट घेतला आणि तोही गिळला. दोन दिवसांत त्या हॉलमध्ये मी कोणाला वाइन गिळताना पाहिलं नव्हतं. मी काकांकडे पाहिलं. त्यांचे डोळे ओले झाले होते.

बाई इंग्रजीत म्हणाल्या, "ही फार सुंदर आहे. मी असं काही चाखलेलं नाही. मला वाटतं ही माझ्या दुकानांत चालेल. मला सांगा, ही तुमची सर्वांत चांगली आहे का?"

काकांनी हात जोडल्यासारखे केले आणि म्हणाले, "नाही, मॅडम, काही विशेष नाही. यंदा तितकी जमली नाही."

इथे आमच्याकडचा कोणीही पुढे काय म्हणायचं ते म्हणाला असता. मी त्या बाईंच्या तोंडाकडे बघत होते. मला खात्री होती की त्या म्हणतील, नाही हो, छानच आहे. पण त्यांना पुढचं वाक्य माहीत नव्हतं. त्यांनी ग्लासकडे पाहिलं. मग काकांकडे.

"जमली नाही? काय कमी आहे?"

त्यांनी विचारलं म्हणून काकांनी सांगितलं. मनापासून सांगितलं. तुरटपणा बसायला हवा होता, जांभळं शेवटच्या आठवड्यात पावसात भिजली, बाटलीत आणखी मुरायला हवी. ते बोलत होते आणि त्यांचा चेहरा फुललेला होता, कारण इतक्या वर्षांत इतकं बारकाईने त्यांना कोणी विचारलं नव्हतं. बाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पण तुम्हाला स्वतःला प्यायला आवडते ना?"

"मी प्यायलेलो नाही," काका म्हणाले. "कधीच नाही."

काकूंना इंग्रजी येत नव्हतं. त्या हसतमुखाने डबा धरून उभ्या होत्या. भोपाळ असतं तर याच्या किती तरी आधी त्या मध्ये पडल्या असत्या.

बाईंनी वही मिटली. अगदी सौजन्याने म्हणाल्या, "मग चांगली कधी होईल?"

"पुढच्या वर्षी बघू या," काका म्हणाले.

"तर मी पुढच्या वर्षी येईन." त्यांनी आपलं कार्ड दिलं, काकूंना नमस्ते केलं आणि गेल्या.

काका खूश होते. काकूंना म्हणाले, "अगं, गिळली तिने. पाहिलंस ना? गिळली. पुढच्या वर्षी येते म्हणाली."

काकू डब्याचं झाकण लावत होत्या. त्यांचा हात थांबला. "अहो, पुढचं वर्ष आहे कुठे आपल्याला?"

काका तिथेच खुर्चीत बसले.

मी त्या बाईंच्या मागे गेले. पळत नाही, मला तिथे पळायची लाज वाटली, पण भराभर. डोक्यात वाक्य लावत होते. त्या पुढच्या रांगेत मिळाल्या. मी म्हटलं, "मॅडम, आमच्याकडे चांगल्या वस्तूला चांगलं म्हणत नाहीत. ती रीत आहे. ते दर वर्षी असंच म्हणतात." मला अजून बरंच म्हणायचं होतं, पण पोहे आणि आई आणि ते दोनदा नाही म्हणणं, हे सगळं इंग्रजीत आलं नाही.

त्यांनी माझा हात हातात घेतला. त्या चांगल्या होत्या, हे मला सांगायचंय. म्हणाल्या, "मला समजतं. तो प्रामाणिक माणूस आहे. पण मुली, मी माझ्या दुकानदारांना काय सांगू? करणारा स्वतः ती पीत नाही आणि म्हणतो की बरी झालेली नाही?"

शाहपुऱ्याचा दुकानदारही हेच म्हणाला होता. त्याला काकू भेटल्या होत्या.

परतीच्या प्रवासात काका वरच्या बर्थवर झोपले. काकू खिडकीशी बसल्या होत्या. झाशी गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "ती बाई तुला काय म्हणाली गं? तू गेली होतीस ना मागे."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, कारण काकूंनी इतकं सरळ विचारल्यावर मला दुसरं काही सुचलं नाही.

काकू म्हणाल्या, "म्हणजे माझ्या शपथेमुळेच."

मी म्हटलं, "नाही हो काकू."

"माझंच चुकलं."

"नाही हो. खरंच नाही."

काकूंनी माझ्या मांडीवर हात ठेवला. पोह्यांच्या दिवशी त्या हसल्या होत्या. या वेळी हसल्या नाहीत.

त्यानंतरचे महिने मला फारसे आठवत नाहीत. काकांनी त्या बाईंना एक पत्र लिहायला घेतलं होतं, पण प्रत्येक वेळी ते टाकीतल्या सुधारणांवर जायचे आणि कागद बाजूला ठेवायचे. मी म्हटलं, मी लिहू का? ते म्हणाले, "काय लिहिशील? चांगली आहे म्हणून? तुला माहीत आहे का चांगली आहे?" मला माहीत नव्हतं. मीही थुंकतच होते. प्रोजेक्टपुरती चाखायची आणि पिकदाणीत. माझ्या बाबांना मी तसंच कबूल केलं होतं.

जागेचा व्यवहार झाला. टाक्या एका डेअरीवाल्याने नेल्या. न्यायच्या आधी काकूंनी त्यांच्यावरच्या साड्या सोडून घेतल्या, धुतल्या आणि वाळत घातल्या. त्या जांभळ्या साडीचा रंग एका बाजूने पूर्ण उडालेला होता. जून होता. होशंगाबाद रोडवर जांभळं पडून पायाखाली चिरडत होती. दर वर्षी या दिवसांत काका पोरांना पाठवून ती गोळा करवायचे, आणि शेडमध्ये कोणाला बोलायला वेळ नसायचा. या वर्षी त्यांनी शेड झाडून घेतली.

मी निरोप घ्यायला गेले होते. पुण्याचा ट्रक बाहेर उभा होता. शेडमध्ये फक्त गणपती, एक चटई, आणि एक बाटली राहिली होती, दिल्लीला नेलेल्यांपैकी शेवटची. काका चटईवर बसले होते. काकूंनी बाटली उघडली. ती कशी उघडायची ते त्यांना माहीत नव्हतं, बुचाचे तुकडे आत पडले. ग्लास सगळे बांधले गेले होते, म्हणून त्यांनी स्टीलच्या वाटीत ओतली आणि काकांच्या समोर धरली.

"घ्या."

"आत्ता कशाला?" काका म्हणाले. "आता काय चाखायचंय?"

"चाखायला नाही. मी सोडवते."

"काय?"

"शपथ." काकू गणपतीकडे वळल्या, हात जोडले, काहीतरी पुटपुटल्या आणि परत आल्या. "झालं. घ्या आता."

काकांनी वाटी नाकाशी नेली. डोळे मिटले. घोट घेतला आणि सवयीने गालात इकडून तिकडे फिरवू लागले. मग सवयीनेच उठले आणि टेबल जिथे असायचं तिथे गेले. टेबल नव्हतं. पिकदाणी गोणपाटात बांधून ट्रकमध्ये गेली होती. ते तोंड भरलेलं, गाल फुगलेले, त्या रिकाम्या कोपऱ्यात उभे राहिले आणि आमच्याकडे बघू लागले. काकू हसू लागल्या, मीही हसले. आणि हसत असतानाच आम्हाला त्यांच्या गळ्याची घाटी खाली-वर झालेली दिसली.

ते हात छातीवर ठेवून उभे राहिले, टाकीला कान लावून राहायचे तसे. बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न दिला. काका चटईपाशी आले, वाटीतली उरलेली प्यायले आणि वाटी खाली ठेवली.

"जमली होती," ते म्हणाले.

काकू म्हणाल्या, "मग तेव्हा सांगायचं होतं ना हो त्या बाईला."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तेव्हा मला कुठे माहीत होतं?"